पैसे तर परत मिळाले, मग तक्रार कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): मी हौस म्हणून जुनी नाणी जमवतो, फार मोठा संग्राहक वगैरे नाही. ऑनलाइन लिलावात बोली लावून एक मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं, त्यावर एका बाईचा चेहरा असतो) घेतला, १८८९ सालचा, मागच्या बाजूला 'सीसी' ही टांकसाळीची खूण असलेला. हातात आल्यावर काहीतरी खटकलं म्हणून वजन केलं तर २५.१ ग्रॅम. एका जुन्या जाणकार मित्राला दाखवलं, तो बघताक्षणी म्हणाला खोटं आहे. सेलरला मेसेज टाकला तर त्याने काही वाद न घालता सगळे पैसे परत केले, वर म्हणाला नाणं राहू द्या तुमच्याकडेच, फक्त साइटवर तक्रार करू नका आणि रेटिंग चांगलं द्या. मी हो म्हटलं, पाच स्टार दिले. आता काही आठवड्यांनी त्याच सेलरने तसंच नाणं पुन्हा लिलावाला लावलंय, आणि फोटोत त्या बाईच्या गालावर जी चीर दिसतेय ती माझ्या नाण्यावर आहे अगदी तिथेच आहे. बोली चढत चाललीये. तक्रार करावी का? माणूस माझ्याशी नीट वागला, त्यालाही कोणीतरी फसवलं असेल. मी तज्ज्ञ नाही. मित्र म्हणतो लफड्यात पडू नकोस, या छंदात प्रत्येकजण एकदा फसतोच, शिकण्याची फी समज. आणि अजून एक, माझ्याकडचं नाणं 'जसं आहे तसं' असं लिहून विकलं तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण ते एका शब्दात संपतं, नाही. 'जसं आहे तसं' लिहून सुद्धा नाही. का ते पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहिलीत आणि पुढे निघून गेलात, मला तर वाटतं तुमचं बरंचसं उत्तर तिथेच आहे. गालावरची चीर त्याच जागी आहे म्हणताय ना, मग ते जरा नीट धरून बघा. ही मॉर्गन डॉलरची नाणी टांकसाळीतून हजार हजारच्या पोत्यांत भरून निघायची, एकमेकांवर आपटायची, आणि त्या बाईचा गाल म्हणजे नाण्यावरचा उंच आणि मोकळा भाग, त्यामुळे ओरखडे आणि खोचे सगळ्यात आधी तिथे पडायचे. असा खोचा म्हणजे त्या एका नाण्याला झालेला अपघात. दोन माणसांच्या गालावर एकाच जागी, तेवढ्याच लांबीची, तशीच तिरकी टाक्याची खूण असेल असं कधी होतं का? मग दुसऱ्या नाण्यावर तीच चीर आली कुठून? एक शक्यता अशी की कोणीतरी चीर पडलेलं एक खरं नाणं घेऊन त्याच्यावरून ठसा बनवला आणि त्या ठशातून नाणी पाडत सुटला, म्हणजे मूळ नाण्याचा अपघातसुद्धा सगळ्यांच्या गालावर छापून आला. दुसरी शक्यता अशी की सेलरने जुनाच फोटो परत चिकटवलाय. पण मग त्या फोटोतलं नाणं तर तुमच्या कपाटात आहे! म्हणजे एक तर नाणं खोटं आहे नाहीतर फोटो, आणि कुठलीही साइट घ्या, दोन्ही गोष्टी तिच्या नियमात बसत नाहीत. सेलर भला की बुरा, त्याला माहीत होतं की नव्हतं, या कशातच तुम्हाला शिरायची गरज नाही. तक्रार नाण्याबद्दल आहे, माणसाबद्दल नाही, आणि तुम्ही इतके अडकून पडलात ते मला वाटतं या दोन गोष्टी एकत्र धरल्यामुळेच.

फक्त एक सावधगिरी घ्या, कारण इथे हुशार लोकही गडबडतात. चीर आत खोल गेलेली आहे की वर उठलेली बारीक रेघ आहे, हे भिंगातून आणि दिव्याचा उजेड एका बाजूने पाडून बघा. ठशावरच ओरखडा असेल तर नाण्यावर त्याची उंच रेघ उमटते, आणि त्या ठशाच्या प्रत्येक खऱ्या नाण्यावर ती असणारच, त्यात संशयाचं काही नाही, उलट तीच खरेपणाची खूण ठरू शकते. उदाहरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेला १८९३ चा मॉर्गन डॉलर, मागे 'एस' असलेला, एकूण एक लाखच पाडले होते, आणि त्यांची दर्शनी बाजू एकाच ठशाची आहे, म्हणून 'लिबर्टी' या शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्यावर एक बारीक उंच रेघ असते आणि जाणकार आधी तीच शोधतात. म्हणजे उंच रेघ दोन नाण्यांवर सारखी दिसली तर ठीक, खोल खोचा दोन नाण्यांवर सारखा दिसला तर गडबड. तुमच्या नाण्यावर हात फिरवून नाही कळणार, भिंगच घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरतं.

'मी तज्ज्ञ नाही' याबद्दल. नसाल, पण तुम्ही वजन केलंय आणि वजन करायला तज्ज्ञ लागत नाही. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. टांकसाळीतून निघताना वजनात जेमतेम ०.१ ग्रॅम इकडेतिकडे चालायचं. आता कोणी म्हणेल वापरून वापरून झिजलं असेल, खरंय, झिजतात, पण मग केसांच्या बटा आणि गरुडाच्या छातीवरची पिसं आधी गुळगुळीत होतात. नक्षी नव्यासारखी ठसठशीत आणि वजन मात्र दीड ग्रॅमने कमी, हे जमत नाही. तुमचा काटा दोन दशांशापर्यंत दाखवणारा आहे ना आणि बरोबर दाखवतोय ना, एवढं एकदा माहितीतलं एखादं नाणं ठेवून तपासून घ्या म्हणजे झालं.

अजून खात्री हवी असेल तर पाण्याची चाचणी करा, घरच्या घरी होते आणि नाण्याला काही होत नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवायचं, तळाला आणि कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. खरा मॉर्गन असेल तर काटा साधारण २.६ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या आसपास येतो. तुमच्या २५.१ ग्रॅमच्या नाण्याला समजा २.९ दाखवले तर भागाकार ८.७ च्या आत आला, म्हणजे पितळ किंवा तांब्याचा कुठला तरी मिश्रधातू, वर चांदीचा मुलामा. मग नाणं टिपून कोरडं करा, घासू नका (खोटं असलं तरी नका घासू, तो आता पुरावा आहे). लोहचुंबकावर मात्र फार विसंबू नका, नाणं चिकटलं तर खोटं हे नक्की, पण नाही चिकटलं म्हणजे खरं असं अजिबात नाही, कारण तांबं, पितळ, शिसं यातलं काहीच चिकटत नाही.

आणि हे उलटं पण लक्षात असू द्या की वजन बरोबर भरलं म्हणून नाणं खरं असंही नसतं. १९०७ च्या २० डॉलरच्या सोन्याच्या हाय रिलीफ (म्हणजे नक्षीचा उठाव जास्त असलेल्या) नाण्याच्या अशा नकला सापडल्यात की सोनं खरं, वजन बरोबर, नक्षी जवळपास निर्दोष, आणि करणाऱ्याने गरुडाच्या पंजात बारीकसं ओमेगा अक्षर सही म्हणून टाकलेलं. तिथे पैसा धातूचा नसतोच, दुर्मीळपणाचा असतो. पण तुमचं नाणं त्या दर्जाचं नाही, ते साध्या काट्यावरच नापास झालंय.

आता सेलरच्या चांगुलपणाकडे येऊ, कारण खरं तर तुम्हाला तेच टोचतंय. पैसे परत दिले, वाद घातला नाही, मान्य. पण त्याने अट काय घातली ते परत वाचा. तक्रार करू नका आणि चांगलं रेटिंग द्या. म्हणजे रिफंड तुम्हाला मिळाला पण त्या बदल्यात त्याने तुमची चुप्पी आणि पाच स्टार घेतले, आणि हाच सौदा तो किती जणांशी करत असेल याचा विचार करा. नाणं घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक वजन करतात, बाकीचे अल्बममध्ये लावून खूश होतात. जो कोणी वजन करून ओरडेल त्याचे पैसे निमूट परत करायचे, बाकीच्यांचे ठेवायचे, हा हिशोब फायद्याचाच आहे. नाणंसुद्धा परत मागितलं नाही त्याने. अहो, ज्याला वाटतं की आपण हजारात एक असं दुर्मीळ नाणं विकलंय तो 'माझं नाणं परत पाठवा, मी स्वतः तपासून घेतो' असं म्हणणार नाही का?

तरीही मी छातीठोकपणे म्हणणार नाही की तो लबाड आहे. कुठल्या तरी घरातला जुना साठा एकगठ्ठा घेतला आणि त्यात हे आलं, असं होतं. पण तुम्ही सांगेपर्यंत तो अजाण होता असं धरलं तरी तुम्ही सांगितल्यावर तो अजाण राहिला नाही. आणि त्यानंतर त्याने दुसरं लावलं. भोळा माणूस असता तर तसलं दुसरं नाणं आधी बाजूला काढून तपासलं असतं. आणि समजा खरोखरच त्याला कळत नाहीये, तर साइटने लिलाव थांबवला याने त्याचं नुकसान होत नाही, उलट पुढची कटकट वाचते.

'ज्याने त्याने आपलं बघावं' हे तुम्ही लिहिलं नाहीत पण मित्राच्या बोलण्यात तेच आहे, म्हणून त्याबद्दलही बोलते. समोरासमोरच्या खरेदीत हे एकवेळ चालेल, तिथे गिऱ्हाईक नाणं हातात घेतं, कड बघतं, वजन करतं. ऑनलाइन बोली लावणाऱ्याकडे दोन फोटो असतात, बस. ते नाणं, किंवा त्याचं जुळं म्हणा, हातात घेऊन तोललेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोण असणार? आणि ती 'शिकण्याची फी' वगैरे, मला हा युक्तिवाद कधीच पटलेला नाही. फी शिकवणाऱ्याला देतात. तुमचा मित्र नाणी छान ओळखतो, बघताक्षणी ओळखलं म्हणजे नजर तयार आहे, पण त्याने स्वतः कधी एखादं लिस्टिंग रिपोर्ट केलंय का हे त्याला विचारा एकदा. जाणकार लोक गप्प बसतात म्हणून नवखे फसतात आणि फसले की छंदच सोडून देतात, असं मी बघत आलेय.

मग करायचं काय. लिलाव संपायच्या आत करायचं हे पहिलं. आधी पुरावा जमा करा आणि मग बटण दाबा, उलटं नको, कारण बरेचदा तक्रार गेली की लिस्टिंग गायब होतं आणि त्याबरोबर फोटोही जातात. स्क्रीनशॉट घ्या ज्यात लिलाव क्रमांक, तारीख, सेलरचं नाव, वर्णन, सगळे फोटो येतील. फोटो वेगळे डाउनलोडही करा, स्क्रीनशॉटमध्ये बारकावे मरतात. तुमच्या पहिल्या खरेदीचं पान, सेलरशी झालेले सगळे मेसेज, खास करून तो 'तक्रार करू नका' वाला, रिफंडची नोंद. आपल्या नाण्याचा फोटो त्याच कोनातून काढा आणि दोन गाल शेजारी शेजारी ठेवून एक चित्र बनवा, चिरेभोवती गोल करा. काट्यावर नाणं आणि आकडा दोन्ही दिसतील असा एक फोटो. एवढंच, याच्यावर अजून निबंध जोडू नका.

तक्रारीत काय लिहायचं इथे लोक फार घोळ घालतात, राग येतो आणि चोर, भामटे, टोळी असं काहीतरी लिहून बसतात. तक्रार वाचणाऱ्याला नाण्यातलं बहुधा काही कळत नाही आणि त्याच्याकडे वेळ नसतो, म्हणून त्याला दोन मिनिटांत कळेल असं लिहा. साधारण असं: 'लिलाव क्रमांक अमुक. याच सेलरकडून मी अमुक तारखेला याच वर्णनाचं नाणं घेतलं, क्रमांक तमुक. ते माझ्याकडे आहे. वजन २५.१ ग्रॅम भरलं, खऱ्याचं २६.७३ ग्रॅम असतं. कळवल्यावर सेलरने पैसे परत केले आणि तक्रार करू नका असं सांगितलं, मेसेज जोडला आहे. आताच्या फोटोत गालावर जी खोल चीर आहे ती माझ्या नाण्यावर त्याच जागी आहे, दोन्ही फोटो शेजारी जोडले आहेत. दोन वेगळ्या खऱ्या नाण्यांवर असं होत नाही. लिलाव थांबवून तपासावं.' बघा, यात सेलरवर एकही आरोप नाही. खोटं निघालंच नाही असं उद्या कोणी म्हटलं तरी यातलं एकही वाक्य तुम्हाला मागे घ्यावं लागणार नाही.

रिपोर्टच्या मेनूत 'खोटी वस्तू' किंवा 'नक्कल' असा प्रकार शोधा, 'इतर' मध्ये टाकलेली तक्रार कुठे जाते देव जाणे. ई-बे या लिलावाच्या साइटवर तर २०१२ पासून नाण्यांच्या प्रतिकृती विकायलाच बंदी आहे, म्हणजे 'कॉपी' असं स्पष्ट छापलेलं असलं तरी चालत नाही. अमेरिकेत १९७३ चा हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट आहे, नाण्याच्या नकलेवर 'कॉपी' हा शब्द नाण्यावरच छापलेला पाहिजे असं तो सांगतो, आणि २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन विकणारे आणि जाणूनबुजून त्यांना मदत करणारेही त्यात आले. तुम्ही कुठे राहता आणि साइट कुठली त्यावर कायदा बदलेल, पण साइटचे स्वतःचे नियम सगळीकडे वाचायला मिळतात आणि तक्रारीत त्या नियमाचा नुसता उल्लेख केला तरी फरक पडतो.

पहिल्या तक्रारीला 'आम्हाला नियमभंग आढळला नाही' असं मशीनछाप उत्तर येण्याची पूर्ण तयारी ठेवा, त्याने खचू नका. परत करा, आणि त्या जाणकार मित्रालाही त्याच्या खात्यावरून स्वतःच्या शब्दांत करायला सांगा, दोन वेगवेगळ्या माणसांची नीट लिहिलेली तक्रार शंभर जणांनी एकच मजकूर चिकटवण्यापेक्षा बरी. तरी विकलं गेलं तर निदान नोंद राहते, आणि घेणाऱ्याने नंतर तक्रार केली तर तुमची जुनी तक्रार त्याच्या कामी येते.

काय करायचं नाही तेही सांगते. बोली लावणाऱ्यांना शोधून मेसेज करू नका, बऱ्याच साइट्सवर तो नियमभंग धरतात आणि खातं तुमचंच बंद व्हायचं. शिवाय चढत्या बोलीतले सगळे खरे असतीलच असं नाही, आपल्याच दुसऱ्या खात्यावरून बोली चढवणारेही असतात. लिलाव हाणून पाडायला स्वतःच मोठी बोली लावून मग पैसे न भरणे, हे काही जण मोठ्या अभिमानाने करतात, नका करू. आणि सेलरचं नाव घेऊन जाहीर पोस्ट टाकू नका, तिथे तुम्ही नाण्यावरून माणसावर आलात आणि मग अब्रुनुकसानीची भाषा सुरू होते.

बाकी वाचकांसाठी थोडं, कारण अशी पत्रं आता बरीच येतात. बोली लावायच्या आधी सेलरकडे कडेचा फोटो आणि काट्यावरचा फोटो मागा. खरा विकणारा देतो, नाहीतर सरळ सांगतो की आज जमणार नाही, फिरवाफिरवी करत नाही. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ दिसते, किंवा ती घासून टाकल्याच्या खुणा, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा मऊ. खरं, न झिजलेलं पाडीव नाणं प्रकाशात तिरकं फिरवलं की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, मुलाम्याची चमक एकाच जागी थिजल्यासारखी असते. जुनकट काळपटपणावर भाळू नका, तो तर सगळ्यात सोपा. कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा जर्मन नकलाकार (१७७२ ते १८३०) आपल्या ताज्या 'प्राचीन' नाण्यांना लोखंडाच्या किसाच्या डब्यात घालून डबा घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारून आणायचा असं सांगतात, म्हणजे ही विद्या आजची नाही.

साल आणि टांकसाळ यांची जोडी जुळते का हे तर फुकटात तपासता येतं. 'सीसी' म्हणजे नेवाडातली कार्सन सिटी टांकसाळ, तिथे मॉर्गन डॉलर १८७८ ते १८८५ आणि मग १८८९ ते १८९३ एवढेच पाडले गेले. म्हणजे १८८७ चा 'सीसी' कोणी विकत असेल तर वजनकाटा बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही, असं नाणं झालंच नाही. तुमच्या १८८९ च्या नाण्याच्या नकला होतात कारण ते साडेतीन लाखच पाडलेले, खरं मिळणं अवघड आणि मागणी भरपूर. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, ज्याला स्लॅब म्हणतात, ते नाणं म्हणजे निर्धास्त असंही नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही ग्रेडिंग (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) कंपन्या आपल्या साइटवर प्रमाणपत्राचा क्रमांक तपासू देतात, पण नकली डब्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून छापलेला असतो, त्यामुळे क्रमांक 'बरोबर' निघतो. क्रमांकाबरोबर फोटो असेल तर ओरखड्याला ओरखडा जुळवा. इथे मात्र तेच ओरखडे जुळायला हवेत बरं का, कारण तेच नाणं असल्याचा दावा आहे.

आणि प्रत्येक 'नवं असून जुनं साल' म्हणजे खोटं नाणं असं समजून उठसूट रिपोर्टही करू नका. ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाचं चांदीचं नाणं, मारिया थेरेसा थालर घ्या, सगळ्यांवर साल १७८०, पण व्हिएन्नात ते नंतरही पाडत राहिले, लंडन, रोम, अगदी मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा पाडले गेले. ती अधिकृत पुनर्मुद्रणं आहेत, २८.०७ ग्रॅमची चांदीची. तक्रार तेव्हा करायची जेव्हा विकणारा त्यालाच 'राणीच्या हयातीतलं अस्सल' म्हणून विकतो. याच्या उलट टोकाला ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ वगैरे साल टाकलेली, रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची मोठाली नाणी, ती कंपनीने कधी पाडलीच नाहीत, म्हणजे नक्कल म्हणायला मूळच नाही, आणि चमत्कारी म्हणून खपवतात ते वेगळंच.

आता तुमच्या कपाटातल्या नाण्याचं. 'जसं आहे तसं' हे शब्द ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला शोभतात, तुम्हाला माहीत आहे, तोललंय तुम्ही. उद्या ते घेणारा तेच शब्द वापरून पुढे विकेल आणि दोन हात पलीकडे ते पुन्हा १८८९ चं दुर्मीळ नाणं होईल. म्हणून ठेवा जवळच, निदान तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'नक्कल, २५.१ ग्रॅम' असं आणि खरेदीचा क्रमांक लिहा, म्हणजे तुमच्या पश्चात घरचे ते खरं समजून विकणार नाहीत. शिकण्यासाठी नकलांचा असा वेगळा कप्पा कितीतरी संग्राहक ठेवतात. फक्त तुमच्याकडे याबद्दल कायदा काय म्हणतो ते एकदा बघून घ्या, मॉर्गन डॉलर अमेरिकेत अजूनही वैध चलन आहे, त्यामुळे त्याची नक्कल पोस्टाने इकडेतिकडे पाठवण्याच्या भानगडीत पडू नका.

पाच स्टारचं तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय, शब्द दिलाय म्हणून. तो शब्द तुम्ही एका व्यवहाराबद्दल दिलात, तेव्हा दुसरं नाणं तुम्हाला दिसलेलं नव्हतं, त्याला माहीत असेल कदाचित. रेटिंग बदलायची सोय बऱ्याच साइट्सवर ठराविक मुदतीपर्यंत असते, बघा, आणि बदलताना फक्त घडलं ते लिहा, वजन कमी भरलं, पैसे परत मिळाले. दोन्ही लिहा, पैसे परत मिळाले हेही, कारण तेही खरं आहे.

तक्रारीनंतर त्याचा मेसेज येईल, बहुधा आधी गोड आणि मग नाही. फोनवर बोलू, दुसऱ्या ॲपवर बोलू असं म्हणेल, जाऊ नका, सगळं साइटच्या मेसेजमध्येच राहू द्या. नाणं परत पाठवा म्हणाला तर एकच ओळ लिहा, की प्रकरण साइटकडे आहे आणि ते सांगतील तसं करेन.